हिरव्या टिकल्यांचा बेस

तुळसा : म्हणलं हुतं का न्हवतं मी, बाज्यावरच्या त्या टिकल्या नखानं खरवडून काढ म्हणून?

दिशा : आत्या, हळू. साक्षीचा आत्ता कुठं डोळा लागलाय.

तुळसा : दुसऱ्या बाईच्या कपाळाची टिकली आपल्या घरात नगं, म्हणलं. तर तू हासलीस. मला म्हणतीस, आत्या, आपण असलं काही मानत नाही, त्या सुरांच्या जागा आहेत.

दिशा : जागाच होत्या त्या.

तुळसा : मानायचं मी कुठं म्हणत हुते? टिकली वळखू येती गं. बाईचं लुगडं वळखू येतं, चाल वळखू येती, आन् टिकली त्येच्याबी आदी. बाज्यातलं मला काय कळत न्हाय, पर बाईचं कळतं.

दिशा : मला वाटलं, तुम्ही जुन्या वळणाचं बोलताय.

तुळसा : अडाणी म्हण की सरळ. दवाखान्यात बसून कशाला गुळमुळीत बोलतीस.

धम्मदीप : आई, भांडू नको. हाताला ठणका लागलाय तेवढा बास. कानाला नको.

तुळसा : तू गप ऱ्हा. बोटं बघ, वांग्यावानी झाल्यात. ते प्लॅस्टरवालं कवा बोलवायचं?

दिशा : एक्स-रे ओला आहे अजून. वाळला की हाक मारतील.

धम्मदीप : दिशा, तुकडे उचलून ठेवलेस का?

दिशा : कसले तुकडे?

धम्मदीप : बेस गिटारचे. खोका फुटला, पण आतलं आवाज उचलणारं पिकअप शाबूत असंल. वायर तेवढी नीट...

दिशा : अहो, तुमची बोटं मोडलीत आणि तुम्ही वायरीचं विचारताय!

धम्मदीप : मग काय विचारू? डाव्या हाताची हायत. बेसच्या गळ्यावर पट्ट्या असल्या, तर बोट जरा हिकडंतिकडं पडलं तरी पट्टी सांभाळून घेती. ह्याला पट्ट्याच नव्हत्या. बोट पडंल तिथंच सूर. आता ही वाकडी बसली, तर मी आयुष्यभर बेसूर.

तुळसा : मग घ्यायचा की पुण्याच्या दुकानातनं, पावती करून. लोकाच्या बायकूकडनं कशाला?

धम्मदीप : गेलो नव्हतो व्हय पुण्याला? चार दुकानं फिरलो. म्हणलं, बिनपट्ट्यांचा बेस पाहिजे, पोकळ, लाकडी. पिन खोचली तर स्पीकरवर वाजंल आन् लाइट गेली तर तसाबी. किंमत ऐकली, पाणी प्यालो, बाहेर आलो. दुकानदार पाठीमागनं म्हणतोय, परवडत नसेल तर साधा घ्या आन् पट्ट्या उपटून टाका. सगळं दुकान हासलं.

दिशा : आणि हिंदुरावानं खरंच उपटल्या होत्या.

तुळसा : आजच्या त्या मुडद्यानं? कशाच्या उपटल्या?

दिशा : आत्या, तुम्हाला आम्ही पुरतं सांगितलंच नाही. प्रतिक्षा माझ्याबरोबर कॉलेजात होती. सांगवीची. तिच्या वडलांची, गेणबांची, लग्नात वाजवायची पार्टी होती. बेस वाजवणारा ऐन सीझनात सोडून गेला, तर गेणबांनी पोरीच्या गळ्यात पट्टा अडकवला. गॅदरिंगला पोरं शिट्ट्या मारायची. ही मान वर करायची नाही, नुसती वाजवायची. ह्या हिंदुरावाशी लग्न होऊन वरकुट्याला गेली तेव्हा बेस बरोबर नेला.

तुळसा : रुखवतात मांडला का काय?

दिशा : रुखवताशेजारीच. सासरच्या बायका म्हणे विचारत होत्या, हे टांगायचं कुठं?

तुळसा : टांगायचंच बोलणार. मग?

दिशा : मग एक दिवस ती वाजवत बसली आणि ह्याचा चहा राहिला. त्यानं पक्कड आणली. तिला समोर बसवलं आणि बेसच्या गळ्यावरची एकेक पट्टी उपटली. उपटली की तिच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, मूठ मीट. कडेला धार असते हो त्यांना. पट्ट्या संपेपर्यंत मूठ उघडू दिली नाही.

तुळसा : आगं आई गं!

धम्मदीप : त्याला वाटलं, पट्ट्या गेल्या म्हणजे बाजा मेला.

दिशा : तिनं भुसा आणि फेव्हिकॉल कालवून त्या खाचा भरल्या. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासल्या. हाताची जखम भरली तशी कानानं एकेक सूर शोधला आणि सापडला की गळ्याच्या कडेला आपली टिकली चिकटवली. तो शेतावर गेला की गोठ्यात बसून वाजवायची.

धम्मदीप : आई, असा बेस दुकानात बनत न्हाय. गाणाऱ्याचा गळा घसरतो ना, तसा तो घसरायचा. आपल्या जयंतीच्या गाण्याला मी तो लावला, तर आमचा गाणारा बुद्धघोष गाता गाता थांबला. म्हणाला, माझ्यामागं कोण गातंय?

तुळसा : कौतुक पुरे. आन् मग इकला कशापायी?

दिशा : विकला कुठला! गोठ्यात त्याला सापडला तो. म्हणाला, संध्याकाळचं अंघोळीचं पाणी ह्याच्यावर तापलं पाहिजे, घाल बंबात. तिनं मोडक्या खाटेचे पाय बंबात घातले आणि बेस वाकळेत गुंडाळून चाऱ्यात लपवला. बाजाराच्या दिवशी एसटीनं माझ्याकडं घेऊन आली. लेकरू आणावं तसा, मांडीवर आडवा. फुकट ठेवून घे म्हणाली. मीच ऐकलं नाही. तिनं नावापुरती कायतरी किंमत सांगितली, यांनी दिली.

धम्मदीप : इतका स्वस्त, की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

दिशा : जाताना एवढंच म्हणाली, टिकल्या काढू नका, हात बसेपर्यंत त्याच वाट दाखवतील.

तुळसा : दावली की वाट! अंथुर्ण्याला कुणाची हळद हुती ती?

धम्मदीप : मला कुठं ठावं तिकडनं वऱ्हाड वरकुट्याचं हाय? मधीच लाइट गेली. कीबोर्ड बंद, माइक बंद, सगळी पार्टी मुकी. माझा एकट्याचा वाजत होता. बायका त्याच्यावरच गायला लागल्या. कुणीतरी बत्ती आणून माझ्यापुढं ठेवली. एक माणूस अगदी पुढ्यात उभा. हालंना, बोलंना. मला वाटलं, ऐकतोय.

तुळसा : ऐकतच हुता. आन् मी नेमकी गिरणीत! दळण टाकून आले, तर दारात ही गर्दी. आगं, आत आलाच कसा तो? तू काय करत हुतीस?

दिशा : त्यानं आधी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. प्यायला, तांब्या नीट खाली ठेवला, लवंडू नये म्हणून भिंतीला लावून ठेवला. मग म्हणाला, परवा अंथुर्ण्यात वाजत होता तो बाजा बघू. हे म्हणाले, बघा की. यांना वाटलं, सुपारी द्यायला आलाय.

धम्मदीप : मी खुंटीवरनं काढून त्याच्या हातात दिला, आई. माझ्या हातानं.

दिशा : त्यानं टिकल्यांवरनं अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत. आणि मग उंबऱ्यावर आपटला. पहिल्याच दणक्याला खोका फुटला. साक्षीची झोळी शेजारी होती आत्या, फळीचा तुकडा झोळीवरनं भिंतीत गेला. मी झोळीला मिठी मारून खाली बसले. नंतर मला उठताच आलं नाही.

धम्मदीप : उठायचं नव्हतंच.

दिशा : यांच्या छातीवर गुडघा दिला. डावा हात उंबऱ्यावर धरला आणि त्या बेसच्या मोडक्या दांड्यानं... प्रत्येक घावाला एकच विचारत होता. तिनं शिकवलं का? हात धरून शिकवलं का? कुठल्या बोटाला धरून? तारा लोंबत होत्या दांड्याला. घाव बसला की त्या वाजायच्या. आत्या, त्या सुरात वाजत होत्या.

तुळसा : बास. बास कर बाई.

दिशा : शेजारचे आप्पा काठी घेऊन आले तेव्हा उठला. पळाला पण नाही. दांडा मोटरसायकलच्या मागं ठेवला, सुतळीनं बांधला. दोनदा ओढून गाठ बघितली.

तुळसा : गेला ना? मग जाऊ दे. केस केलीया, पोलीस बगतील. आपली गल्लीत चार घरं, त्येंची भावकी गावभर. परत त्येच्या वाटंला जायाचं न्हाय.

दिशा : आत्या, तो मोडलेला दांडा घरी कशाला नेला असेल?

तुळसा : मला काय ठावं.

दिशा : किक मारताना म्हणाला, बंबात घातला म्हणून सांगितलं व्हतं तिनं. आता बंब पेटवतो, बघतो काय काय जळतंय.

धम्मदीप : हे हवालदाराला सांगितलंस?

दिशा : सांगितलं. हद्द इंदापूरची, तिकडं निरोप लावतो म्हणाले. निरोप जाईल तेव्हा जाईल. मोटरसायकल कुणासाठी थांबणारे?

तुळसा : आन् तू हे आत्ता सांगतीस? मघापास्नं मला टिकल्यांचं बोलू देतीस? ऊठ! पोरगी दे माज्याकडं.

दिशा : कुठं जाऊ? एसटी...

तुळसा : त्या गावात फोन नसंल का कुटं? समूर ती पिवळी पाटी हाय बग. जा! ह्येच्या हाताला प्लॅस्टर मी घालून घेती. ऊठ म्हणते ना!

(दवाखान्यासमोरचा एसटीडी बूथ. दिशा फोनवर.)

दत्तोबा : हॅलो! दूध डेअरी, वरकुटं! मोठ्यानं बोला, हितं मापं चालू हायती.

दिशा : दत्तोबा तात्या आहेत का?

दत्तोबा : त्योच बोलतूय. कोन?

दिशा : मी बारामतीहून दिशा. प्रतिक्षाची मैत्रीण. हिंदुरावाची प्रतिक्षा. तिनंच सांगितलं होतं, निरोप असला तर तात्यांच्या डेअरीत सांग.

दत्तोबा : बोला की. सांगतू तिला. ए, त्या किटलीवरचा फेस निवू दे आदी! हां, बोला.

दिशा : निरोप नाही तात्या. तुम्ही आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जायला पाहिजे. हिंदुरावानं इथं येऊन माझ्या नवऱ्याची बोटं मोडली. आणि आता तो तिकडं निघालाय, तिच्या अंगावर.

दत्तोबा : हिंदुराव? छ्या! मोटारीचं सामान आणाया गेलाय तो बारामतीला. मला हितनंच सांगून गेला.

दिशा : सामान नाही आणलं. बेस फोडला त्यानं.

दत्तोबा : काय फोडलं?

दिशा : गिटारीसारखा मोठा बाजा. प्रतिक्षाचा. गोठ्यात वाजवायची ती.

दत्तोबा : आरं तिच्या! ते घूंऽऽ करायचं, त्ये? मी आपला म्हणायचू, हिंदुरावाची पान्याची मोटर हाय. लाइट नसताना मोटर कशी चालती, ह्येचा कवा इचारच क्येला न्हाय. बंद झाला बगा आता तो आवाज.

दिशा : तात्या, तुम्ही जाताय ना?

दत्तोबा : बाई, तुमी शिकल्यासवरल्या दिसताय. पर नवरा-बायकूच्या मदी मी कसा पडू? आमची भावकी हाय. हात उचलतू तो, न्हाय असं न्हाय. कुणाच्या घरात होत न्हाय? मागं तिच्या हाताला फडकं हुतं, तर तीच म्हणाली, जिन्यावनं पडले.

दिशा : वरकुट्यात तिच्या घराला जिना आहे का तात्या?

दत्तोबा : ए, ती किटली सरकव की तिकडं!

दिशा : आहे का जिना?

दत्तोबा : न्हाय. पत्र्याचं घर हाय.

दिशा : तरी तुम्ही ते ऐकून घेतलंत.

दत्तोबा : घेतलं. काय करता? पर मला येक सांगा, तुमच्याकडं त्यो बाजा हाय, ह्ये त्येला कळलं कसं?

दिशा : अंथुर्ण्याच्या हळदीत माझा नवरा तो वाजवत होता. लाइट गेली, बत्ती पुढं ठेवली, आणि त्याला गळ्यावरच्या टिकल्या दिसल्या.

दत्तोबा : टिकल्या?

दिशा : हिरव्या. काळ्या काठाच्या. हॅलो? तात्या? ऐकताय ना?

दत्तोबा : ऐकतूय.

दिशा : फोन ठेवू नका.

दत्तोबा : न्हाय ठेवत. बाई, त्येला कुटल्या दिसत्यात? त्येनं बायकूच्या तोंडाकडं कवा बगितलंया! मीच दावल्या.

दिशा : तुम्ही?

दत्तोबा : रोज सकाळ-सांज समूर उभी असती दूध घालाया. तसली टिकली गावात दुसरं कोन लावत न्हाय. बत्तीत चमाकली आन् मी गंमत क्येली. म्हणलं, हिंदुराव, तुज्या मालकिणीनं ह्या बाज्याला कुकू कवा लावलं रं? सगळी हासली. त्योबी हासला.

दिशा : हसला?

दत्तोबा : हासला. आन् मग जेवला न्हाय. वाडलेल्या ताटावनं उठला. मी म्हणलं, पोट बिघडलं आसंल.

दिशा : तात्या, आज तिनं दूध घातलं का?

दत्तोबा : घालती की, रोज पयला लंबर... थांबा हां. कौसल्ये, हिंदुरावाच्या घरची किटली आली का गं? ...न्हाय आली. सकाळचीबी न्हाय, म्हणती ही.

दिशा : सकाळपासून नाही?

दत्तोबा : म्हशी वरडत हुत्या खऱ्या सकाळी. धार काढली न्हवती वाटतं कुनी. मी येताना बगितलं, तर दाराला भायेरनं कडी. म्हणलं, म्हायेरी गेली आसंल, सांगवीला.

दिशा : म्हशीची धार न काढता?

दत्तोबा : न्हाय, तशी जायाची न्हाय ती.

दिशा : तात्या, मी आत्तापर्यंत समजत होते, तो आता घरी जाऊन काहीतरी करेल. पण आमचं घर त्याला कुणी दाखवलं? अंथुर्ण्यात पार्टीचं नाव कळलं असेल, पण पार्टीच्या माणसांना विचारायला तो गेलाच नाही. सरळ आमच्या दारात आला. गल्ली, घर, सगळं माहीत असल्यासारखा. हे फक्त तिलाच माहीत होतं.

दत्तोबा : म्हंजी तिनं सांगितलं म्हणताय?

दिशा : तिच्याकडनं वदवून घेतलं. कसं घेतलं असेल? तिनं एवढं जपून ठेवलेलं, सुखासुखी सांगितलं असेल का? सांगून झाल्यावर बाहेरनं कडी घातली आणि इकडं आला. ती आत आहे, तात्या. सकाळपासून आत आहे.

दत्तोबा : आरं देवा.

दिशा : त्याची गाडी दिसली का अजून?

दत्तोबा : न्हाय. निमगावाकडनं आला, तर ह्याच रस्त्यानं येनार. डेअरीवनं गेल्याबिगार त्येला वाट न्हाय.

दिशा : मग वाटेत कुठंतरी थांबला असेल, अजून वेळ आहे. जा.

दत्तोबा : आन् मी आत आसताना त्यो आला, तर? त्येचा हात लई वाईट चालतू बाई. मी म्हातारा मानूस.

दिशा : एकट्यानं नका जाऊ. दूध घालायला आलेली माणसं आहेत ना तिथं उभी? सगळ्यांना घ्या. बायकांना आधी घ्या.

दत्तोबा : ठमाबाई हाय. ती कुनाच्या बापाला भीत न्हाय.

दिशा : तिला पुढं घाला. आणि दोघं-तिघं रस्त्यावर उभे करा, गाडी अडवायला. बैलगाडी आडवी लावा, म्हशी सोडा, काय वाटेल ते करा.

दत्तोबा : व्हय. व्हय, करतू. ए ठमाबाई! ठेव ती किटली, चल हिकडं. कौसल्ये, माप बंद कर! न्हाय, दूध कुटं पळत न्हाय, चला म्हणतू ना! ...बाई, दारात जाऊन काय म्हणू तिला? मीच दावल्या टिकल्या, कुठल्या तोंडानं हाक मारू?

दिशा : ते नंतर सांगा. आत्ता म्हणा, दिशानं विचारलंय. आतनं ‘बरी हाय’ असा आवाज आला, तरी मागं फिरू नका. ती तसंच म्हणेल. कडी काढा, तिला उजेडात येऊ द्या, आणि ती काही बोलायच्या आधी तिचे हात बघा. फोन बंद करू नका, तसाच बाजूला ठेवा, मी इथं उभी आहे. जा तात्या. तेवढं बघून या.